शेगडी, व्हायोलिन आणि पलंग

९ फेब्रुवारी

मामा,

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला आवडत नाही, म्हणून हे पत्र. शिवाय विचारायचं आहे ते नियमाचं आहे, आणि नियमाची गोष्ट कागदावरच बरी, हे तूच म्हणतोस.

आईला जाऊन आता वर्ष होईल. मळा ठीक आहे. द्राक्षवेलींची छाटणी आटोपली, सैल पडलेल्या तारा पुन्हा ओढून घेतल्या, मागच्या गाळपाची वाइन पिंपांत गुपचूप बसली आहे. शनिवारी माणसं येतात. आईच्याच चाखायच्या खोलीत उभी राहून दोन-तीन प्रकार चाखतात आणि जमलं तर बाटली घेतात. पण या दिवसांत कुडकुडत येतात आणि पावाचा तुकडा नि चीज खाऊन तशीच अर्धपोटी परत गाडीत बसतात. माझा नवरा हॉटेलातली नोकरी सोडून इकडे आला आहे, हे तुला माहीत आहे. हाडाचा स्वयंपाकी घरात असताना पाहुण्याला वाटीभर गरम सूप देता येऊ नये, हे त्याच्या जिवाला लागतं.

तर प्रश्न असा. चाखायच्या खोलीमागच्या कोठारात एक शेगडी बसवली आणि शनिवारपुरतं सूप दिलं, तर ते शेतीत बसतं का?

आजोबांच्या मृत्युपत्रातली अट माझ्या डोक्यात पक्की आहे. मळ्यावर शेती चालू आहे तोवर सगळा मळा आईचा आणि आता माझा. ज्या दिवशी सरकार म्हणेल की इथे शेती नाही, धंदा चालतो, त्या दिवशी अर्धा मळा तुझ्या घशात. त्यामुळे तुला विचारूनच पाऊल उचलते. वाघाच्या गुहेत जाऊन वाघालाच वाट विचारणारी तुझी भाची मीच.

तुझी,
टिटवी


१८ फेब्रुवारी

टिटवे,

वाघाचे दात गेले, आता कवळी आहे. अर्धा मळा चावायचा कसा?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. पण मी पाठ असलेलं कधीच सांगत नाही. नियमांच्या पुस्तकात दर वर्षी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवतात, आणि निवृत्त माणसाची आठवण निवृत्तीच्या दिवशीच थांबते. म्हणून गुरुवारी नगररचना कार्यालयात जाऊन माझ्याच जुन्या टेबलाशी बसून पान उघडून बघितलं. फूटपट्टीने चहा पाजला. तो माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता तिथला मोठा निरीक्षक आहे. खिशात फूटपट्टी घेऊन हिंडायचा म्हणून मीच ते नाव ठेवलं. कशासाठी आलात म्हणाला. भाचीचं काम आहे म्हटलं.

आता ऐक. द्राक्षं पिकवणं ही शेती. स्वतःच्या द्राक्षांची वाइन करणं, साठवणं, विकणं, चाखायला देणं हा शेतीचा पूरक वापर. चाखताना लागेल तेवढं थंड खाणं चालतं. अन्न गरम केलं की तो पूरक वापर राहत नाही, ती खानावळ होते. खानावळ म्हणजे धंदा. शेगडी गॅसची असो, विजेची असो, कोळशाची असो, फरक नाही.

आता मला एक सांग. शेगडी घेऊन झाली आहे ना? इतकी वर्षं खिडकीमागे बसून मी एकच गोष्ट शिकलो आणि पोरांना शिकवली. माणूस विचारायला येतो तेव्हा तो करून मोकळा झालेला असतो. भिंत बांधून झाल्यावर भिंतीची परवानगी विचारतात. त्यात जावईबापू हॉटेलातले. त्यांच्या हातांना भांड्यांशिवाय करमत नसणार, हे मी समजू शकतो. पण घेतली असशील तर परत कर, आणि मला खरं सांग.

मामा


४ मार्च

मामा,

शेगडी घेतली नाही. घ्यायची की नाही ते ठरवण्यासाठीच तुला विचारलं होतं. विचारणाऱ्यावर इतका संशय घ्यायचा असेल तर माणसाने न विचारताच करावं की काय?

पण एक गोष्ट घडली आहे आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात तुझा फूटपट्टी आला. न कळवता. द्राक्षं बघितली नाहीत, टाक्या बघितल्या नाहीत, तडक मागच्या कोठारात गेला आणि म्हणाला, शेगडी कुठे ठेवली आहे? नव्हतीच, तर दाखवणार काय? मग त्याने नवऱ्याचं मोठं पातेलं उचलून बघितलं, तळ काळा आहे का ते. काळाच आहे, घरी रोज वापरतो. तेवढं टिपून घेऊन गेला. जाताना म्हणाला, ही पहिली भेट. सहा महिन्यांत तीन भेटी झाल्या की प्रकरण आपोआप सुनावणीला जातं.

त्याला शेगडीचं कुणी सांगितलं? मला वाटतं शेजारच्याने. वरच्या बाजूचा मळा घेतल्यापासून तो कुंपणाशी घुटमळत असतो. आम्ही कोठाराच्या दारात उभं राहून शेगडी कुठे बसेल ते हातवारे करून बोलत होतो, तेव्हा तो खांब ठोकत होता. खांब आधीच ठोकलेला होता, मामा. कुठेतरी पाणी मुरतंय.

सूप गेलं उडत. दुसरं विचारते. गावातल्या शाळेच्या संगीत शिक्षिका व्हायोलिन फार छान वाजवतात. शनिवारी त्यांनी चाखायच्या खोलीत तासभर वाजवलं आणि लोकांना बसायला थोड्या खुर्च्या मांडल्या, तर चालेल? तिकीट नाही. या वेळी मी नवऱ्याशीसुद्धा बोललेले नाही. आधी तुझं उत्तर येऊ दे.

टिटवी


१५ मार्च

टिटवे,

शेजारच्यापासून सावध राहा. ठोकलेलाच खांब पुन्हा ठोकणारा माणूस काहीतरी ऐकत असतो, हे बरोबर ओळखलंस. फूटपट्टीला मी विचारलं की बाबा, इतक्या घाईने का गेलास? तो हसला आणि म्हणाला, साहेब, तुम्हीच शिकवलंय. काय शिकवलंय ते मला कळलं नाही. मी मेहनत शिकवली असेल, असं समजून गप्प बसलो.

पुस्तक बघून आलो. चाखायला येणाऱ्या माणसाला बसायची सोय चालते, पण ती चाखण्यापुरती. माणूस वाइन चाखायला आला आणि कानावर सूर पडले, तर पूरक. माणूस सूर ऐकायला आला आणि हातात पेला होता, तर तो कार्यक्रम. कार्यक्रम शेतीत बसत नाही. कसं ओळखायचं? खुर्च्यांवरून. खुर्च्या पिंपांकडे तोंड करून असतील तर एक, वाजवणाऱ्याकडे तोंड करून असतील तर दुसरं. हसू नकोस, यावर मोठ्या सुनावण्या झाल्या आहेत.

खुर्च्या आणल्या असशील तर त्या पिंपांकडे फिरवून ठेव. आणि बाईंना आमंत्रण गेलंच असेल, तर तेही तसं सांग. तू कुणाची लेक आहेस, हे मला माहीत आहे. तुझ्या आईला असं विचारून करायची सवय नव्हती, ती करून मग सांगायची.

इकडे सगळं ठीक. चिरंजीव परवा जेवताना विचारत होते, तिकडे मळ्यांना काय भाव चालू आहे. आजकालच्या पोरांना झाड दिसत नाही, भाव दिसतो.

मामा


२ एप्रिल

मामांना नमस्कार.

उत्तर मिळालं. आभारी आहे. व्हायोलिनचा विचार सोडून दिला.

एक नवीन गोष्ट विचारायची आहे. वाइनरीच्या वर माळ्याची खोली आहे, तिथे दोन पलंग टाकून लांबून येणाऱ्या पाहुण्यांना रात्री भाड्याने ठेवलं, तर ते शेतीला पूरक धरतात का? तुम्ही पुस्तक बघूनच सांगाल, याची खात्री आहे.

आपली भाची


११ एप्रिल

टिटवे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू मला कधीपासून 'तुम्ही' म्हणायला लागलीस? लहानपणी माझ्या खांद्यावर बसून माझेच कान ओढायचीस, तेव्हा 'अरे मामा' होतो. आणि खाली सहीत टिटवीसुद्धा नाही. हे पत्र जावईबापूंनी सांगून लिहून घेतलं का? मला दाट शंका आहे. आधी शेगडी, मग खुर्च्या, आता पलंग. हे सगळं एका ओळीत लावून बघ. खाणं, बसणं, झोपणं. यालाच लोक हॉटेल म्हणतात. ज्याने हॉटेल सोडलं तो हॉटेल घेऊनच आला आहे की काय?

नियम असा: पैसे घेऊन माणसाला रात्री झोपवणं शेतीत कुठेच बसत नाही. गुरुवारी मुद्दाम जाऊन खात्री केली. फूटपट्टी म्हणाला, पलंग? मी म्हटलं, हो बाबा, पलंग. माझा आवाज तेव्हा बरा नसावा, कारण त्याने चहाबरोबर पाणीही आणून दिलं.

पलंग आणले असतील तर आजच्या आज खाली उतरव. मी रागावणार नाही. फक्त तुझ्या आईचा मळा जाऊ देऊ नकोस. मी येऊन जावईबापूंशी बोलू का?

मामा


२६ एप्रिल

मामा,

बोलायला येऊ नका. माझ्या नवऱ्याला पलंगाचं काहीच माहीत नाही, कारण पलंग नाहीतच. कधी नव्हते. मी ते फक्त तुम्हाला लिहिलं, जगात दुसऱ्या कुणालाही नाही. कुंपणापाशी नाही, घरात नाही, स्वतःशी पुटपुटलेसुद्धा नाही.

आणि काल फूटपट्टी आला, जिना चढून तडक माळ्याच्या खोलीत गेला आणि म्हणाला, पलंग कुठे हलवले? तिथे द्राक्षांचे रिकामे क्रेट आहेत. त्याने क्रेटमागे वाकून बघितलं. मी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होते, पण डोळ्यांपुढे तुम्ही होतात.

व्हायोलिनच्या वेळीही हेच झालं होतं. ते मी तुम्हाला कळवलं नाही. तुमचं उत्तर हातात पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला, खोलीतली बाकं मोजली आणि विचारलं, वाजवणाऱ्या बाई कुठे उभ्या राहतात? त्या बाईंना मी अजून विचारलंही नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. म्हणून पलंग. मला तुम्हाला तपासायचं होतं आणि मी तपासलं.

कालची तिसरी भेट होती. सुनावणी बावीस मे रोजी आहे. मळ्याचा मुख्य वापर शेती राहिला आहे की नाही, ते त्या दिवशी ठरेल. नाही ठरला तर अर्धा मळा कुणाकडे जातो, हे आपल्या दोघांनाही पाठ आहे. त्यासाठी पुस्तक बघायला नको. चिरंजीवांनाही भाव कळेलच.

मला खरंच वाईट वाटतं आहे, मामा. आईच्या मागे विचारायला एकच माणूस होता. मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला आणि तुम्ही गुरुवारी जाऊन चहा पीत माझं एकेक गुपित टेबलावर ठेवत राहिलात. उत्तर पाठवू नका.


१० मे

टिटवे,

उत्तर पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवतो आहे. न वाचता फाडलंस तरी चालेल, पण वाचलंस तर शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र खिशात घालून मी कार्यालयात गेलो. या वेळी पुस्तक मागितलं नाही. फूटपट्टीला बाहेर बाकावर घेऊन बसलो आणि विचारलं, माझ्या भाचीच्या मागे का लागला आहेस? तो गोंधळला. त्याला वाटलं, मी त्याला शाबासकी द्यायला आलो आहे. म्हणाला, "साहेब, तुम्ही दर वेळी येऊन सांगत होतात की भाची विचारते आहे. आणि माणूस विचारतो तेव्हा करून बसलेला असतो, हे तुम्हीच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. मला वाटलं, नात्यातलं आहे म्हणून तोंडाने तक्रार करता येत नाही, म्हणून साहेब असं सुचवतायत."

मी खिशातलं तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं.

मी कुणाला काही सुचवत नव्हतो. पण त्यात मी चोख आहे असंही नाही. कारण त्याने जो अर्थ काढला, तोच मीही काढत होतो. तू लिहिलंस शेगडी घेतली नाही, मी मनात म्हटलं, घेतली असणार. माझ्याकडे त्या खिडकीशी आयुष्यभर जी माणसं आली, त्यांच्यातली खोटी माणसंच माझ्या लक्षात राहिली. करण्याआधी खरोखर विचारणारी तू एकटी असशील, आणि नेमकी तूच माझी भाची असशील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला माझी लाज वाटते आहे.

आता दोन गोष्टी. आजोबांच्या अटीतला माझा हक्क मी काल सही करून सोडून दिला. मळ्याचं काहीही होवो, माझ्याकडे ढेकूळही येणार नाही. हे तुझ्यावर उपकार म्हणून नाही केलं. सुनावणीत मी उभा राहणार आहे, आणि ज्याला अर्धा मळा मिळायचा आहे त्याच्या बोलण्याला काडीची किंमत नसते. चिरंजीव तोंड फुगवून बसले आहेत. ते जेवायची वेळ झाली की येतात, त्यामुळे काळजी नाही.

दुसरी गोष्ट मी कधी कुणाला सांगितलेली नाही. त्या नियमातली ती ओळ, 'चाखताना लागेल तेवढं थंड खाणं', ती मी लिहिली आहे. नोकरीत नवा होतो. साहेबांनी सांगितलं, वाइनरीचा पूरक वापर म्हणजे काय ते ठरवून आण. मला काय कळणार? मी तुझ्या आईकडे आलो. तिने दोन पिंपांवर फळी टाकली होती. दोघं-तिघं शेजारी उभ्याने चाखत होते, एकाने रुमालात पाव बांधून आणला होता, तो सगळ्यांनी वाटून खाल्ला. जे बघितलं ते जसंच्या तसं लिहून दिलं. त्या दिवशी तुझ्या आईने सूप उकळत ठेवलं असतं, तर आज नियमात सूप असतं. इतकं साधं आहे ते सगळं, आणि मी त्यावरून तुला गुन्हेगार ठरवत बसलो.

बावीस तारखेला येतो. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

मामा


३० मे

मामा,

त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर सगळ्यांसमोर रडले असते. फूटपट्टीसमोर तर मुळीच रडायचं नव्हतं.

निकालाचा कागद आज आला. मळा शेतीतच राहिला. चाखायची खोली पूरक ठरली. चार बाकं काढायची आणि शेगडीचा विचार कायमचा सोडायचा, एवढ्यावर सुटलो. पुढच्या सोमवारपासून नवरा परत हॉटेलात जातो आहे. पातेलं घासून फळीवर उलटं ठेवलं आहे. त्याला हॉटेल इकडे आणायचं नव्हतं, मामा. त्याला फक्त थंडीत आलेल्या माणसाला सूप द्यायचं होतं. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

तू उभा राहिलास तेव्हा तुझ्या हातात लिहून आणलेला कागद होता. मग तू तो न वाचताच खाली ठेवलास आणि म्हणालास, "या बाईने करण्याआधी विचारलं. आमच्या कार्यालयाने तिला विचारल्याची शिक्षा दिली, आणि ती शिक्षा द्यायला मी शिकवलं." फूटपट्टीची मान खाली होती. आईची फळी, पिंपं आणि रुमालातला पाव तू सांगत होतास तेव्हा सुनावणी घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं होतं, ते तू बघितलं नसशील. मी बघत होते.

आता माझं ऐक. ती तिसरी भेट तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे झाली. पलंगाचा सापळा मी लावला नसता तर सुनावणीच झाली नसती. तू माझ्यावर विनाकारण संशय घेतलास आणि मी तुझ्यावर. त्यात तू निदान तोंडावर विचारलंस. मी तर पलंग नसताना पलंग लिहिले. तुला खोटं लिहिलं याचा सल जात नाही. आणि खरं सांगू का, तुझ्याबद्दलची शंका अजून पुरती गेलेली नाही. काल पोस्टमन आला तेव्हाही मी आधी रस्त्यावर फूटपट्टीची गाडी दिसते का ते बघितलं. जाईल हळूहळू. तू जरा येत-जात राहिलास तर लवकर जाईल.

तेव्हा एक शेवटचं विचारते. माळ्याच्या खोलीतले क्रेट खाली आणून तिथे एक पलंग टाकला, त्यावर आईचा सख्खा भाऊ अधूनमधून येऊन रात्री झोपला, आणि त्याच्याकडून भाडं घेतलं नाही, तर ते शेतीत बसतं का?

पुस्तक बघायला कार्यालयात जाऊ नकोस. माणूस विचारतो तेव्हा काय करून बसलेला असतो, ते तुला पाठ आहे.

तुझी,
टिटवी